विनिमयदरात दडलेली वटणावळ

पेशवाईच्या काळात निरनिराळ्या टांकसाळींत पाडलेले रुपये एकाच वेळी व्यवहारात असत. एका मुलुखातील नाणे दुसऱ्या मुलुखात चालवायचे तर ते सराफाकडून बदलून घ्यावे लागे आणि सराफ त्याबद्दल बट्टा कापून घेई. ‘वटणावळ’, ‘हुंडणावळ’ हे शब्द मराठीत रुजले ते अशाच व्यवहारांतून. आज पुण्यात बसून अमेरिकी संकेतस्थळावरून पुस्तके मागविणारा ग्राहक आणि कोल्हापुरातून परदेशी चपला पाठविणारा व्यापारी, या दोघांनाही बट्टा चुकलेला नाही. फरक इतकाच की सराफ आता समोर बसलेला दिसत नाही आणि त्याने कापलेली रक्कम पावतीवर वेगळी लिहिलेली असतेच असे नाही. पुष्कळदा ती विनिमयदरातच मिसळून टाकलेली असते. त्यामुळे ‘आम्ही कोणतेही शुल्क आकारत नाही’ असे सांगणारी सेवासुद्धा प्रत्यक्षात महाग पडू शकते.

बाजारातला दर आणि हाती पडणारा दर

बँका आपापसांत डॉलरची खरेदी-विक्री करतात, तेव्हा त्या दोन भावांच्या मधला दर हा खरा बाजारदर मानला जातो. रुपयाचा संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करीत असे. जुलै २०१८ पासून हे काम ‘फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया’ ही संस्था करते. सामान्य ग्राहकाला या दराने डॉलर मिळत नाहीत, परंतु मोजपट्टी म्हणून त्याचा उपयोग मोठा आहे. आपल्याला लावलेला दर आणि त्या दिवशीचा संदर्भ दर यांत जेवढे अंतर, तेवढी आपण दिलेली वटणावळ, असा हा साधा हिशेब आहे.

क्रेडिट कार्डाने परदेशी खरेदी केली, की रकमेचे रूपांतर प्रथम व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारखी यंत्रणा आपल्या दराने करते. हा दर बाजारदराच्या बराच जवळ असतो. त्यावर कार्ड देणारी बँक आपला अधिभार लावते. भारतातील अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. काही कार्डांवर तो दोन टक्के वा त्याहून कमी असतो, तर मोजक्या कार्डांवर मुळीच नसतो. शिवाय या अधिभारावर १८ टक्के वस्तू आणि सेवा कर द्यावा लागतो.

हिशेबाच्या सोयीसाठी एक डॉलर ९० रुपयांचा धरू. १०० डॉलरच्या खरेदीचे मूळ ९,००० रुपये होतात. त्यावर साडेतीन टक्क्यांनी ३१५ रुपये अधिभार आणि ५६ रुपये ७० पैसे कर. म्हणजे ग्राहकाच्या खात्यातून ९,३७१ रुपये ७० पैसे जातात. छापील साडेतीन टक्के प्रत्यक्षात चार टक्क्यांच्या वर जातात ते असे. खरेदीच्या क्षणी दिसलेला दर हाच अखेरचा दर असतो, असेही नाही. व्यवहाराची नोंद एक-दोन दिवसांनी पूर्ण होते आणि सामान्यतः त्या वेळचा दर लागू होतो. वस्तू परत केली तर परताव्याची रक्कम पुन्हा नव्या दराने रुपयांत येते आणि आधी भरलेला अधिभार अनेकदा परत मिळत नाही.

‘रुपयांत पैसे द्या’ हा मोह

अनेक परदेशी संकेतस्थळे पैसे भरण्याच्या पानावर दोन पर्याय ठेवतात : डॉलरमध्ये द्या किंवा रुपयांत द्या. ओळखीच्या चलनातील आकडा पाहून ग्राहक साहजिकच दुसरा पर्याय निवडतो. परंतु या पर्यायात रूपांतराचा दर ग्राहकाची बँक ठरवीत नाही. तो विक्रेता किंवा त्याची मध्यस्थ कंपनी ठरवते आणि आपला नफा त्यातच धरते.

वरच्याच उदाहरणात या मध्यस्थाने डॉलरला ९४ रुपये लावले, तर बिल ९,४०० रुपयांचे होईल. आकडा रुपयांत असला तरी विक्रेता परदेशातला असल्याने भारतातील अनेक बँका अशा व्यवहारावरही वेगळे शुल्क आकारतात. ते एक टक्का धरले, तर ९४ रुपये आणि त्यावरील कर १६ रुपये ९२ पैसे मिळवून एकूण ९,५१० रुपये ९२ पैसे होतात. डॉलरमध्ये पैसे दिले असते, तर सुमारे १३९ रुपये वाचले असते. ज्यांच्या कार्डावर अधिभार नाही, त्यांचे नुकसान तर ५११ रुपयांच्या घरात जाते. म्हणून विक्रेत्याचा दर पडताळून पाहिल्याखेरीज परदेशी खरेदी विक्रेत्याच्याच चलनात करावी, हा नियम बहुतेक वेळा हिताचा ठरतो.

नफ्यालाच कात्री

खरेदीदाराच्या दृष्टीने हा शंभर-दोनशे रुपयांचा प्रश्न असेल. छोट्या विक्रेत्याच्या बाबतीत मात्र तो धंदा टिकण्याचा प्रश्न आहे. एखाद्या कारागिराने चपलांचा जोड ५० डॉलरला विकला, असे समजू. बाजारदराने त्याचे ४,५०० रुपये होतात. कच्चा माल, मजुरी आणि टपालखर्च ४,०५० रुपये धरून त्याने दहा टक्के, म्हणजे ४५० रुपये नफा गृहीत धरला आहे. पैसे स्वीकारणारी सेवा प्रथम चार टक्के शुल्क घेते. उरतात ४८ डॉलर. मग तीच सेवा डॉलरचे रुपये करताना बाजारदरापेक्षा चार टक्के कमी, म्हणजे ८६ रुपये ४० पैसे असा दर देते. कारागिराच्या खात्यात ४,१४७ रुपये २० पैसे जमा होतात आणि नफा उरतो अवघा ९७ रुपये २० पैसे.

रूपांतरातील घट चारऐवजी एक टक्का असती, तर हाच नफा २२६ रुपये ८० पैसे झाला असता, म्हणजे दुपटीहून अधिक. मेख येथेच आहे. शुल्काची टक्केवारी विक्रीच्या पूर्ण रकमेवर मोजली जाते, पण ती भरून निघते केवळ नफ्यातून. सेवेची निवड करताना जाहिरातीतील शुल्काचा आकडा पाहणारा आणि विनिमयदर न विचारणारा विक्रेता अर्धाच हिशेब करीत असतो.

विक्रेत्यापुढील मार्ग

रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी परदेशी ऑनलाइन व्यवहारांचे पैसे हाताळणाऱ्या मध्यस्थांसाठी स्वतंत्र नियमावली जाहीर केली आणि त्यांना आपल्या थेट देखरेखीखाली आणले. अशा अनेक सेवा उपलब्ध असल्याने विक्रेत्याने प्रत्येकीला एकच प्रश्न विचारावा : ‘शंभर डॉलर आले, तर माझ्या खात्यात नेमके किती रुपये जमा होतील?’ या उत्तरात शुल्क, दर आणि कर हे सारेच आले पाहिजे.

ज्यांची उलाढाल मोठी आहे, त्यांना बँकेत निर्यातदारांचे परकीय चलन खाते उघडता येते. या खात्यावर व्याज मिळत नाही आणि एका महिन्यात जमा झालेल्या रकमेपैकी न वापरलेला भाग पुढील महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलावा लागतो. तरीही परदेशी देणी त्याच डॉलरमधून भागविता येत असल्याने दोनदा रूपांतर करण्याचा भुर्दंड टळतो. बँकेमार्फत डॉलर विकणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०१९ पासून ‘एफएक्स-रिटेल’ हा मंचही उपलब्ध आहे. तेथे बाजारातील दर ग्राहकाला प्रत्यक्ष दिसतो आणि बँकेचे शुल्क वेगळे कळते. बँकेशी दराबाबत घासाघीस करताना एवढी माहितीही पुरेशी बळ देते.

दर दिसला पाहिजे

युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या नियमानुसार १९ एप्रिल २०२० पासून कार्डाच्या व्यवहारातील चलन रूपांतराचा खर्च युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के अधिक आहे, हे ग्राहकाला सांगणे बंधनकारक झाले. नियमाने शुल्कावर मर्यादा घातली नाही, ते केवळ उघडे केले. तुलना करता येईल असा एक आकडा समोर आला, की निवड ग्राहकाच्या हाती येते.

भारतीय ग्राहकाला हा आकडा आज स्वतःच काढावा लागतो. कार्डाच्या अटी-शर्तींच्या पत्रकात अधिभार छापलेला असतो, कार्ड यंत्रणांच्या संकेतस्थळांवर दिवसाचा दर पाहता येतो आणि संदर्भ दर तर सर्वांनाच खुला आहे. त्रैराशिक शाळेत शिकलेल्या कोणालाही जमेल असा हा पाच मिनिटांचा हिशेब आहे. बट्टा पूर्वीही होता आणि पुढेही राहील, कारण चलन बदलून देणे ही सेवाच आहे. मात्र त्या सेवेचे मोल किती, हे ठाऊक असलेले गिऱ्हाईक सराफाला नेहमीच थोडे जड जाते.