पर्जन्यमापकाचे मौन

२६ जुलै २००५ चा विषय निघाला की ९४४ हा आकडा हमखास निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याची नोंद होती अवघी ७३ मिलिमीटरची. दोन्ही आकडे खरे; पण कुलाब्यावरून उपनगरांचा अंदाज बांधणारा पुरता फसला असता. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पुराचा अभ्यास केला आणि मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले.

हे यंत्र तसे साधे आहे. नरसाळ्यातून उतरणारे पाणी बागेतल्या सी-सॉसारख्या जोडलेल्या दोन लहान पेल्यांपैकी एकात पडते. पेला भरला की कलंडतो आणि दुसरा धारेखाली येतो. कलंडताना चुंबकामुळे एक विद्युत कळ क्षणभर जुळते. एक ठोका मोजला जातो. एक ठोका अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तर सांताक्रूझचा तो पाऊस म्हणजे १,८८८ ठोके. दर काही मिनिटांनी ही बेरीज मोबाइलच्या जाळ्यावरून सर्व्हरकडे जाते आणि पडद्यावर आकडा उमटतो.

वसईत माझ्या गच्चीवर असे एक यंत्र मी स्वतः जुळवले आहे. एकदा आषाढात रात्रभर पाऊस कोसळत होता आणि पडद्यावर शून्य होते. सकाळी पाहिले, तर नरसाळ्याच्या तोंडाशी बदामाचे पान चिकटलेले. यंत्र चालू, सर्व्हर चालू, आकडा वेळेवर येत होता. फक्त तो खोटा होता.

तेव्हापासून मी तीन गोष्टी वेगळ्या मानतो. पाऊस नाही म्हणून आलेले शून्य, यंत्र तुंबले म्हणून आलेले शून्य आणि संपर्क तुटल्यामुळे रिकामी राहिलेली जागा. अनेकदा सर्व्हरवरची प्रणाली रिकाम्या जागीही शून्यच भरते. मग बेरीज सुबक दिसते, आणि धोक्याची घंटा वाजत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कागदी नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसई परिसराची वीजही गेली. केवळ घरच्या विजेवर चालणारे यंत्र नेमके अशाच वेळी मुके होते. शिवाय वसईत नुसता पाऊस मोजून भागत नाही. भरतीला खाडीची पातळी चढली की नाल्यांचे पाणी उतरत नाही. तोच पाऊस ओहोटीला निभावतो, भरतीला घरात शिरतो. म्हणून पावसाशेजारी खाडीच्या पातळीचाही आकडा हवा.

उपाय महागडे नाहीत. यंत्राने पावसाबरोबर स्वतःची वेळ आणि बॅटरीची स्थितीही कळवावी. दोन पाळ्या निरोप आला नाही, तर ते मौन हाच इशारा मानावा. शेजारच्या ठाण्यांवर मुसळधार आणि एकावर शून्य असेल, तर त्या शून्यावर शंका घ्यावी. इशारे मोजकेच असावेत. ऊठसूट वाजणाऱ्या घंटेकडे कोणी पाहत नाही. आणि इशारा कोणी घ्यायचा, त्या माणसाचे नाव पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे.

यंदाच्या पावसाळ्यात पडद्यावर शून्य दिसले, तर आधी एक प्रश्न विचारावा: हे यंत्र शेवटचे कधी बोलले? आणि मग कोणीतरी गच्चीवर जाऊन पान काढावे.