माल मोकळा, माणूस अडलेला : तुर्की पासपोर्ट आणि युरोपचे दार

तुर्कस्तानच्या नागरिकाला कोणत्या देशात व्हिसाविना जाता येते, या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही, कारण ते आधी त्याच्या हातातील पासपोर्टाच्या रंगावर ठरते. तेथील पासपोर्टांचे चार प्रकार आहेत: सर्वसामान्यांचा डाळिंबी, वरिष्ठ सरकारी सेवकांचा हिरवा, सरकारी कामगिरीवर पाठवलेल्यांचा करडा आणि राजनैतिक अधिकाऱ्यांचा काळा. यांपैकी हिरव्या पासपोर्टाला तुर्की समाजात जे मोल आहे, त्याची कल्पना बाहेरच्या वाचकाला सहसा येत नाही. सरकारी सेवेच्या वरच्या तीन श्रेणींतील कर्मचारी, याच श्रेणींतून निवृत्त झालेले, त्यांचे पती किंवा पत्नी व ठरावीक वयापर्यंतची अविवाहित मुले यांना तो मिळतो. २०१७ पासून ठरावीक उलाढाल असलेल्या निर्यातदारांना आणि पुढे पंधरा वर्षे वकिली केलेल्यांनाही तो मिळू लागला. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे परस्परांतील सीमांवरची तपासणी उठवून बाहेरच्यांसाठी एकच व्हिसा ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, या पासपोर्टावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येते. परिणामी सरकारी शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक मनात येईल तेव्हा पॅरिसला निघू शकतो, आणि खासगी कंपनीत भरपूर पगार घेणारा त्याचाच माजी विद्यार्थी मात्र बँकेचे शिक्के गोळा करत बसतो.

डाळिंबी पासपोर्ट दुबळा आहे, अशी समजूत तुर्कस्तानातही रूढ असली तरी ती अर्धवट आहे. जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, मलेशिया, ब्राझील, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, मोरोक्को, इराण, सर्बिया, बोस्निया, अल्बानिया अशा अनेक देशांत अल्प मुक्कामासाठी त्याला व्हिसा लागत नाही, आणि काही शेजाऱ्यांकडे तर पासपोर्टही लागत नाही: जॉर्जियात २०११ पासून, युक्रेनमध्ये २०१७ पासून व अझरबैजानमध्ये २०२१ पासून तुर्की नागरिकाला नुसत्या राष्ट्रीय ओळखपत्रावर प्रवेश मिळू लागला. भारतीय पासपोर्टधारकाने हेवा करावा अशी ही यादी आहे. अडचण एवढीच की ज्या दिशेला तुर्की माणसाचे नातेवाईक, बाजारपेठ आणि विद्यापीठे आहेत, त्याच दिशेचे दार बंद आहे, आणि ते पूर्वापार बंद नव्हते.

युरोप परिषदेच्या सदस्य देशांनी १९५७ साली पॅरिसमध्ये व्यक्तींच्या ये-जा करण्याविषयी एक करार केला होता आणि त्याच्या आधारे तुर्की नागरिक, नोकरी धरण्याचा हेतू नसेल तर, तीन महिन्यांपर्यंत व्हिसाविना पश्चिम युरोपात जाऊ शकत असे. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार-भरतीचा करार केला आणि आनातोलियातील हजारो माणसे जर्मन कारखान्यांत व खाणींत दाखल झाली. १२ सप्टेंबर १९६३ रोजी तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायाने तुर्कस्तानशी ‘अंकारा करार’ केला, ज्यात पुढेमागे पूर्ण सदस्यत्वाची शक्यता मोकळी ठेवलेली होती. या कराराला जोडलेला अतिरिक्त प्रोटोकॉल, म्हणजे अंमलबजावणीचा तपशील सांगणारा पूरक मसुदा, नोव्हेंबर १९७० मध्ये स्वाक्षरित होऊन १ जानेवारी १९७३ रोजी अमलात आला. त्याच्या एकेचाळिसाव्या कलमात उभय पक्षांनी असे लिहून दिले की व्यवसाय थाटण्याच्या आणि सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्यावर यापुढे कोणतेही नवे निर्बंध आणले जाणार नाहीत. आपल्या न्यायालयांच्या परिचित भाषेत सांगायचे तर हा ‘जैसे थे’ आदेश होता, फक्त तो न्यायालयाने दिलेला नसून सरकारांनी स्वतःवर घालून घेतलेला होता.

तेलसंकटानंतर १९७३ च्या नोव्हेंबरात जर्मनीने कामगार-भरती थांबवली, तरी पाहुणा म्हणून येण्याचा मार्ग उघडा राहिला. १९८० साली पश्चिम जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांच्या अर्जांचा आकडा पहिल्यांदाच लाखाच्या पुढे गेला आणि त्यांत निम्म्याहून अधिक अर्जदार तुर्की होते. राजकीय हिंसाचाराने पोळलेल्या तुर्कस्तानातून माणसे बाहेर पडत होती. ५ ऑक्टोबर १९८० पासून जर्मनीने तुर्की नागरिकांवर व्हिसाची सक्ती लादली. त्याआधी तीनच आठवडे, १२ सप्टेंबरला, अंकाऱ्यात लष्कराने सत्ता घेतली होती, त्यामुळे लष्करी उठावाची शिक्षा म्हणून व्हिसा आला असे सांगण्याची प्रथा पडली आहे. पण जर्मन सरकारचा निर्णय उठावाच्या आधी, उन्हाळ्यातच झालेला होता आणि त्याचे कारण लोकशाहीची चिंता नसून आश्रयार्थींची संख्या हे होते. फ्रान्सने त्याच सुमारास जर्मनीचा कित्ता गिरवला, ब्रिटनने १९८९ मध्ये. १९९५ मध्ये शेंगेन व्यवस्था प्रत्यक्षात आली तेव्हा या देशोदेशींच्या सक्तीचे एका सामाईक नियमात रूपांतर झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरी एक गोष्ट घडली, जिच्यामुळे हा विषय निव्वळ पर्यटनाचा राहत नाही. तुर्कस्तान आणि युरोपीय महासंघ यांच्यात सीमाशुल्क संघ स्थापन झाला, म्हणजे औद्योगिक मालावरची परस्परांतील जकात उठली आणि बाहेरच्या मालासाठी दोघांनी समान दर स्वीकारले. बुर्सात तयार झालेली मोटार किंवा डेनिझलीत विणलेला टॉवेल जकातीविना जर्मनीत पोहोचू लागला. मात्र तो माल घेऊन एदिर्नेजवळच्या कापिकुले सीमानाक्यावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकचालकाला व्हिसा हवा, शिवाय १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादाही त्याला लागू. वर्षभर युरोपात माल नेणे हाच ज्याचा धंदा, त्याचे दिवस सहामाही संपण्याच्या आतच भरून जातात. मालाला मोकळे रान आणि माणसाला अडसर, ही या संघाची रचनाच होऊन बसली.

त्यामुळे न्यायालयाचे दार ट्रकचालकांनी ठोठावले, यात नवल नाही. सोयसाल आणि सावातली हे तुर्कस्तानात राहणारे दोन चालक एका तुर्की वाहतूक कंपनीच्या नोकरीत होते आणि जर्मनीत नोंदणी झालेले ट्रक चालवत. आधी व्हिसा मिळत असताना पुढे तो नाकारला गेल्यावर त्यांनी बर्लिनमध्ये दावा लावला आणि तो प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. १९ फेब्रुवारी २००९ च्या निकालात न्यायालयाने हिशेब साधा मांडला: १ जानेवारी १९७३ रोजी जर्मनीत अशा कामासाठी येणाऱ्या तुर्की चालकाला व्हिसा लागत नव्हता, म्हणून नंतर लादलेली सक्ती हा एकेचाळिसाव्या कलमाला छेद देणारा नवा निर्बंध ठरतो. तुर्की वृत्तपत्रांनी जल्लोष केला, कारण सेवा देणाऱ्याला जे लागू ते सेवा घेणाऱ्यालाही, म्हणजे हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकालाही लागू होईल, असा तर्क त्यामागे होता. जर्मन प्रशासनाने मात्र निकालाचा अर्थ शक्य तितका आकसून घेतला आणि मालवाहू चालक, कलावंत, खेळाडू, व्याख्याते अशा मोजक्या गटांनाच सवलत दिली. शिवाय आपण या गटात मोडतो याचा दाखला सोबत बाळगायचा, तर तो जर्मन वकिलातीतूनच आणायचा. व्हिसा लागत नाही हे सिद्ध करण्यासाठी व्हिसाच्याच कचेरीत हेलपाटा घालायला लावणारी ही तऱ्हा नोकरशाहीच्या इतिहासात नोंद व्हावी अशी आहे.

पर्यटकांची आशा २४ सप्टेंबर २०१३ रोजी मावळली. देमिरकान खटल्यात जर्मनीतील सावत्र वडिलांना भेटायला निघालेल्या एका तरुणीने सोयसाल निकालाचा आधार घेतला होता; न्यायालयाने सांगितले की अंकारा कराराचा हेतू केवळ आर्थिक आहे, त्यातील सेवास्वातंत्र्यात सेवा घेण्यासाठी जाणे बसत नाही. कायद्याच्या चौकटीत हा युक्तिवाद टिकणारा असला, तरी महासंघाच्या स्वतःच्या नागरिकांबाबत याच न्यायालयाने १९८४ सालीच सेवा घेण्यासाठी केलेला प्रवास सेवास्वातंत्र्यात धरला होता, हे लक्षात घेता निकालामागे राजकीय सावधगिरीही दिसते. कलम मात्र निकामी झाले नाही. पुढच्याच वर्षी दोआन खटल्यात, पतीकडे जर्मनीला येऊ पाहणाऱ्या निरक्षर पत्नीला प्रवेशापूर्वी प्राथमिक जर्मन येण्याची २००७ मध्ये घातलेली अट याच ‘जैसे थे’ कलमाविरुद्ध ठरली.

न्यायालयाची वाट अरुंद झाल्यावर वाटाघाटींची वाट धरली गेली. १६ डिसेंबर २०१३ रोजी तुर्कस्तानने पुनःप्रवेश करारावर सही केली. आपल्या भूमीतून बेकायदा युरोपात गेलेल्या लोकांना परत घेण्याचे बंधन त्यात होते. बदल्यात व्हिसामाफीची बोलणी सुरू झाली आणि त्यांसाठी ७२ अटींची यादी ठरली. मार्च २०१६ मध्ये सीरियन निर्वासितांच्या लोंढ्याने हतबल झालेल्या महासंघाने तुर्कस्तानशी जो समझोता केला, त्यात या अटी पूर्ण झाल्यास जून २०१६ अखेरपर्यंत व्हिसा उठवण्याचे आश्वासन होते, आणि ४ मे रोजी युरोपीय आयोगाने तसा प्रस्ताव मांडलादेखील. अटींपैकी बहुसंख्य पूर्ण झाल्या होत्या. उरलेल्यांत दोन खऱ्या अवघड होत्या: दहशतवादविरोधी कायद्याची व्याप्ती आटोपशीर करणे, कारण त्याखाली पत्रकार आणि प्राध्यापकही अडकत होते, आणि सर्व सदस्य देशांशी न्यायिक सहकार्य, ज्यात तुर्कस्तान मान्यताच देत नसलेले सायप्रस प्रजासत्ताकही येते. १५ जुलै २०१६ चा फसलेला उठाव आणि त्यानंतरची आणीबाणी यांनी पहिली अट अशक्य कोटीत नेली. त्या काळात अध्यादेशांनी बडतर्फ केलेल्या हजारो सरकारी सेवकांचे पासपोर्टच रद्द झाले. परदेशी व्हिसाच्या आधी स्वदेशानेच दार लावून घेण्याचा हा प्रकार होता.

व्हिसा हे दबावाचे हत्यार म्हणून वापरण्यात युरोप एकटा नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानने रशियन लढाऊ विमान पाडल्यावर रशियाने १ जानेवारी २०१६ पासून व्हिसामाफी स्थगित केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकी वाणिज्य दूतावासातील एका स्थानिक कर्मचाऱ्याच्या अटकेवरून अमेरिकेने तुर्कस्तानात नेहमीचे व्हिसा देणे थांबवले, तुर्कस्तानने तसेच प्रत्युत्तर दिले, आणि ही गाठ डिसेंबरअखेर सुटली. तुर्कस्तानने मात्र २०२० मध्ये स्पेन, नेदरलँड्स, पोलंड अशा अनेक युरोपीय देशांच्या नागरिकांना व्हिसा माफ केला, तोही समोरून तशी परतफेड न मागता, निव्वळ पर्यटकांच्या आशेने.

या सगळ्याचा भार शेवटी अर्जदाराच्या फायलीत उतरतो. शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला लागतो. ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा, बँकेचा उतारा, पगारपत्रके, मालकाचे रजापत्र, ‘ई-देव्लेत’ या सरकारी संकेतस्थळावरून काढलेला सामाजिक विम्याचा सेवातपशील, कुटुंबनोंदीचा उतारा, हॉटेलचे आरक्षण असे बाड जमवावे लागते. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने वापरता येतात. शुल्क जून २०२४ मध्ये ८० वरून ९० युरो झाले; त्या वेळच्या दराने ही रक्कम तीन हजार लिरांच्या पुढे जाते, तर त्या वर्षीचे मासिक किमान वेतन १७,००२ लिरा होते, आणि अर्ज फेटाळला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. अर्ज स्वीकारण्याचे काम बहुतेक देशांनी खासगी कंपन्यांकडे सोपवले आहे. जगभर पसरलेल्या या धंद्याचा उगम मुंबईचा: अमेरिकी वकिलातीच्या गर्दीवर उपाय म्हणून २००१ मध्ये तेथे सुरू झालेली व्हीएफएस ग्लोबल ही कंपनी आज या क्षेत्रात जगात आघाडीवर आहे. अर्जाआधीची वेळ मिळणे हीच खरी शर्यत झाल्याने वेळा अडवून त्या विकणाऱ्या दलालांची जातही तुर्कस्तानात निपजली आहे.

२०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी शेंगेन अर्जांच्या संख्येत चीननंतर तुर्कस्तानचा क्रमांक लागला आणि तिसऱ्या स्थानी भारत होता. २०२४ मध्ये तुर्कस्तान आणि भारत या दोन्ही देशांतून प्रत्येकी ११ लाखांहून अधिक अर्ज गेले. भारतातून इस्तंबूलला निघालेल्या पर्यटकालाही या व्यवस्थेची झळ उलट बाजूने कळते, कारण वैध शेंगेन, ब्रिटिश किंवा अमेरिकी व्हिसा हाती असेल तर भारतीयाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. जो शिक्का स्वतःच्या नागरिकांना दुर्मिळ, तोच तुर्कस्तान पाहुण्यांच्या भरवशाची खूण म्हणून स्वीकारतो.

मोठे दार उघडत नाही म्हणून अलीकडे खिडक्या उघडल्या जात आहेत. डिसेंबर २०२३ मधील ग्रीस-तुर्कस्तान समेटानंतर २०२४ च्या वसंतात ऱ्होड्स, कोस, सामोस, लेस्बोस, खिओस यांसारख्या ग्रीक बेटांवर तुर्की पर्यटकांना बंदरातच सात दिवसांचा व्हिसा मिळू लागला. चेश्मेहून खिओसचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि बेटांवरच्या खानावळींना तुर्की गिऱ्हाईक हवे होते. हा व्हिसा त्या बेटांपुरताच, अथेन्सला जायला चालत नाही. त्याहून दूरगामी ठरू शकणारा निर्णय युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये घेतला: पहिला व्हिसा नियमानुसार वापरलेल्या तुर्की नागरिकाला पुढे सहा महिन्यांचा, नंतर एक, तीन आणि शेवटी पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा, म्हणजे मुदतीत कितीही वेळा ये-जा करू देणारा परवाना, पायरीपायरीने द्यायचा. भारतीयांसाठी असाच चढता क्रम एप्रिल २०२४ मध्ये लागू झाला होता, फक्त त्याची सुरुवात थेट दोन वर्षांच्या व्हिसापासून होते. तुर्कस्तानसाठीच्या या निर्णयासाठी ना सायप्रसला मान्यता द्यावी लागली, ना दहशतवादविरोधी कायद्यात दुरुस्ती करावी लागली. ७२ अटींच्या यादीतील उरलेल्या अटी जिथल्या तिथे असतानाच तो घेतला गेला, आणि पहिल्या व्हिसासाठीची कागदपत्रे मात्र होती तीच राहिली.