आग्रा रोडवरचे पैलवान

आमच्या बीडला आगगाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर आम्हां बीडकरांचे सारे जग मोटारींवर चालले. तेव्हा आमच्या नात्यात एक ट्रक ड्रायव्हर असावा यात नवल नव्हते. नवल एवढेच, की माझ्या वडिलांना त्याचा संकोच वाटे! आबा शाळामास्तर. डिझेलच्या वासाच्या माणसाबरोबर पोराने हिंडू नये, असा त्यांचा दंडक; आणि तो माणूस म्हणजे माझे सख्खे मामा.

साल 1968. मी बारा वर्षांचा होतो. लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस' व सिडनीच्या 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्रांनी लंडन ते सिडनी अशी मोटारींची शर्यत ठरवली होती. 24 नोव्हेंबरला 98 गाड्या लंडनहून निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या दिल्लीला यावयाच्या, तेथून आग्रा रोडने मुंबई गाठावयाच्या आणि पुढे बोटीत चढून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागावयाच्या. आमच्या बीडवरून जाणारा सोलापूर-धुळे रस्ता आग्रा रोडला मिळतो तो धुळ्याला. मामांना नेमकी धुळ्याची सरकीची खेप होती. आईने मध्ये शब्द टाकला आणि आबांनी, नाइलाजाने का होईना, मान हलवली.

गेवराई, औरंगाबाद, कन्नडचा घाट, चाळीसगाव असे करीत आम्ही धुळ्यास पोचलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना ही गर्दी! आम्ही मामांच्या घोंगडीत कुडकुडत बसलो होतो. एकेक गाडी धुरळा उडवीत जाई आणि लोक आरोळ्या ठोकीत. इतक्यात पुढे बैलगाडी आडवी आली म्हणून एक दांडगी मोटार क्षणभर थांबली. धुळीने तिचा रंगही ओळखू येईना. लोक आत बसलेल्या साहेबांकडे पाहत होते. मामा मात्र उकिडवे बसून गाडीच्या बुडाखाली डोकावले आणि आनंदाने ओरडले, "आरं पोरा, हिच्या मागं बी पाटंच हायेत की! आपल्या ट्रकावाणी!"

पुढे कळले, की ती ऑस्ट्रेलियात बनलेली फोर्ड फाल्कन जी. टी. होती. वाचकहो, या गाडीची जात समजून घेण्याजोगी आहे. तिला चार दारे. बायकामुले, वळकटी, फराळाचा डबा, सारे मावावे अशी ही घरगुती गाडी. पण पुढच्या झाकणाखाली आठ सिलिंडरांचे, सुमारे 5 लिटरचे इंजिन! आपल्या अ‍ॅम्बॅसडरचे होते दीड लिटरचे. म्हणजे कारकुनाच्या कोटातला पैलवानच म्हणा ना. या गाड्यांना 'मसल कार' हे नाव पडले ते उगीच नव्हे.

या पैलवानांची तालीम होती सिडनीपलीकडच्या बाथर्स्ट गावी. तेथे एका डोंगरावर सहा किलोमीटरांहून थोडा लांब असा वळणावळणांचा रस्ता आहे. 1960 साली फिलिप बेटावर सुरू झालेली 500 मैलांची शर्यत 1963 मध्ये तेथे आली. तिचा नियम मोठा साधा : दुकानात जी गाडी गिऱ्हाइकाला मिळते, तीच पळवावयाची. 1967 साली हॅरी फर्थ व फ्रेड गिब्सन यांनी फाल्कनने ही शर्यत मारली. पुढच्याच वर्षी होल्डन कंपनीची मोनॅरो पहिली आली. झाले! फोर्ड विरुद्ध होल्डन अशी जुंपली, आणि घराघरांत तट पडले.

आम्ही पाहिलेल्या त्या शर्यतीचा निकाल 17 डिसेंबरला लागला. पहिली आली ब्रिटिश हिलमन हंटर. पण फोर्डच्या तिन्ही फाल्कन गाड्या तिसऱ्या, सहाव्या व आठव्या आल्या आणि संघाचे बक्षीस त्यांनाच मिळाले. आठव्या गाडीत तेच हॅरी फर्थ होते! मोनॅरोला पहिल्या दहांत जागा मिळाली नाही. हे फर्थ पुढे होल्डनच्या गोटात गेले. 1971 मध्ये फाल्कन घेऊन अ‍ॅलन मॉफट एकट्याने 500 मैल हाकून जिंकले, तर 1972 मध्ये फर्थ यांच्या तालमीतल्या पीटर ब्रॉकने होल्डनची लहानगी टोराना पुढे काढली.

पण त्याच वर्षी सिडनीच्या एका वृत्तपत्राने हाकाटी केली, की ताशी 160 मैल धावणाऱ्या गाड्या आता रस्त्यावर येणार. मंत्री खवळले, कंपन्यांनी माघार घेतली. 1973 पासून शर्यत 1000 किलोमीटरांची झाली, आणि शर्यतीसाठी गाडीत फेरफार करण्यास मुभा मिळाली. दुकानातली गाडी आणि मैदानातली गाडी यांची फारकत झाली ती तेव्हापासून.

धुळ्याहून परतल्यावर मी आबांना पाट्यांची हकीगत सांगितली. ते काही बोलले नाहीत. मात्र पुढच्या खेपेस मामा आले, तेव्हा आबांनी त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवले आणि विचारले, "कन्नडच्या घाटात भरला ट्रक कसा हो उतरवता?" मामांच्या हातातली बशी हिंदकळली. आई स्वयंपाकघराच्या दाराआड डोळे पुशीत होती.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे मेलबर्नला गेलो होतो. एका रविवारी जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. ऑस्ट्रेलियातला फोर्डचा कारखाना 2016 साली बंद पडला, होल्डनचा 2017 साली. आपली अ‍ॅम्बॅसडरही 2014 मध्येच गेली. एके काळी घरोघरी मिळणाऱ्या त्या फाल्कनच्या एखाद्या दुर्मीळ नगाला आता दहा लाख डॉलरांहून अधिक मोल येते. मालक मंडळी चकचकीत रंग दाखवीत होती. मी मात्र या वयात, गुडघे कुरकुरत असताना, एका फाल्कनच्या मागे उकिडवा बसलो.

"बाबा, काय हरवलं?" मुलीने घाबरून विचारले.

हरवले काहीच नव्हते. पाटे जागच्या जागी होते.