थंडीत आपल्या तळ्यातला मासा रुसतो, मग विलायतेतला ट्राउट थंडीतच गळाला कसा लागतो?

दिवाळी सरली, पहाटे बोटं आकडायला लागली की तलावाच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्यांची गर्दी ओसरते. पावसाळ्यात कणकेच्या गोळीवर तुटून पडणारा रोहू आता गोळीला तोंडही लावत नाही. चिलापी तर जणू तळ्यात नाहीच. आणि नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर व्हिडिओ दिसतो. काठावर पांढरं दव गोठलेलं, जाड कोट घातलेला माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा, हातात लांब लवचीक काठी, हवेत नागमोडी फिरणारी जाड दोरी आणि शेवटी जाळीत दीड-दोन किलोचा चंदेरी, अंगावर गुलाबी पट्टा असलेला मासा. तो मासा म्हणजे रेनबो ट्राउट. व्हिडिओ बघून गावात पहिला प्रश्न एकच निघतो, हा आपल्या शेततळ्यात होईल का?

उत्तर आधीच सांगून टाकू, नाही होणार. पण का नाही होणार हे नीट समजलं तर आपल्या तळ्यात थंडीत खाद्य किती टाकायचं, हेही त्यातूनच कळतं. आणि तिथं खिशातला पैसा वाचतो.

माशाचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. जेवढं पाणी गार, तेवढा मासा गार. पाणी थंड झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते, हालचाल कमी होते. आपले कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या मैदानातले, उबदार पाण्यातले मासे. 25 ते 30 अंश सेल्सिअस पाण्यात ते जोमानं खातात आणि वाढतात. पाणी 20 च्या खाली गेलं की खाणं घटतं, 15 च्या आसपास तर जवळपास थांबतंच. चिलापीचं त्याहून नाजूक. तिला 16-17 अंशालाच खावंसं वाटत नाही आणि पाणी 10-12 च्या खाली गेलं तर ती मरते.

ट्राउटचं सगळं उलटं. त्याला 10 ते 16 अंशाचं पाणी मानवतं. 4-5 अंशालाही तो हळूहळू का होईना खात राहतो. पण पाणी 20-21 च्या वर गेलं की त्याला धाप लागते आणि 25 च्या आसपास तो तग धरत नाही. यात नुसत्या उष्णतेचा दोष नाही, प्राणवायूचाही आहे. गार पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो. 10 अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाच्या पाण्यात जेमतेम साडेसात. ट्राउटला तो भरपूर लागतो. आपला रोहू थोडक्यात भागवतो.

आता विलायतेतली ती तळी. इंग्लंडात शहरांना पाणी पुरवण्यासाठी धरणं बांधली आणि त्यात मासे सोडले. ब्रिस्टल शहराजवळच्या ब्लॅगडन तलावावर 1904 पासून ट्राउटची गळाची मासेमारी चालते. रटलंड वॉटर हे त्याहून कितीतरी मोठं, सुमारे 3,100 एकरांचं. ते 1970 च्या दशकात झालं आणि त्यात हॅम्बलटन परिसरातल्या दोन वस्त्या पाण्याखाली गेल्या. कोयना-उजनीच्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

रेनबो ट्राउट हा तिथला मूळचा मासा नाहीच. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं नेलेला. तळ्यात तो पिल्लं घालत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून मत्स्यपालन केंद्रात तो खाण्याजोगा होईपर्यंत वाढवतात आणि गाडीतून आणून तळ्यात सोडतात. मग हौशी लोक दिवसाचं तिकीट काढून तो पकडतात. चार मासे न्या, आठ मासे न्या किंवा पकडा आणि परत सोडा, जसं तिकीट तसा नियम. आपण बोटुकली सोडून ती वर्षभर वाढवतो आणि जाळ्यानं काढतो. ते तयार मासा सोडतात आणि तो पकडण्याच्या मजेचे पैसे घेतात. धंदाच वेगळा आहे.

तळ्यात पिल्लं न घालणं ही गोष्ट मात्र दोघांच्या माशांत सारखी. रोहू-कटलाही साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचं प्रजनन करून दाखवलं. आज तालुक्याला मिळणारं मत्स्यबीज त्या इंजेक्शनच्या वाटेनंच येतं. त्याआधी नदीतून बीज गोळा करावं लागे आणि त्यात काय काय मिसळलेलं येई ते मासा वाढल्यावरच कळे.

पिसांची माशी

व्हिडिओतली ती दोरी हवेत का फिरवतात? आपल्या गळाला शिशाचा गोळा असतो. गोळ्याच्या वजनानं दोरी लांब जाते. पण त्यांच्या गळाला ना गांडूळ असतं, ना कणीक. गळाच्या काट्यावर पीस, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी असते आणि तिला वजनच नसतं. म्हणून वजन दोरीत ठेवलेलं असतं. दोरी जाड असते आणि ती आसुडासारखी मागे-पुढे फिरवून पाण्यावर अंथरतात. तिच्या टोकाला बारीक, न दिसणारा धागा आणि धाग्याला माशी. काठी नऊ-दहा फुटांची. हे हाताला बसायला दिवस लागतात. नवख्याची माशी पहिल्यांदा स्वतःच्याच टोपीत अडकते.

या माश्यांमध्ये मोरपिसाचा धागा आणि कोंबड्याच्या मानेचं पीस हे जुनं, नेहमीचं सामान. भारतातल्या गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं एके काळी या कामासाठी विलायतेत बरीच जात. खुराड्यातल्या कोंबड्याचा असाही उपयोग होता.

माशी कशाची नक्कल करते, हे सगळ्यात महत्त्वाचं. ब्लॅगडनच्या पंचक्रोशीत डॉ. बेल नावाचे एक डॉक्टर होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात ते तिथं मासे धरत. बाकीचे लोक मोठी रंगीत पिसं ओढत बसले असताना हे पकडलेल्या ट्राउटचं पोट फाडून बघत, आत काय आहे? आत निघायचे चिलटासारख्या किड्याचे कोष, बारीक काळे, जेमतेम बोटाच्या पेराएवढे. त्यांनी तशाच छोट्या माश्या बांधल्या आणि त्या न हलवता, जवळपास जागच्या जागी धरून मासे काढले. आजही तिथले लोक लांब अरुंद चमच्यानं मेलेल्या माशाच्या पोटातलं काढून बघतात आणि मग ठरवतात कुठली माशी लावायची. या किड्याची लाल अळी आपल्या तळ्याच्या गाळातही असते. ओंजळभर गाळ चाळून बघा, दिसेल.

हिवाळ्यात हे किडेच कामाला येतात. बाकीचे किडे झोपतात, पण हे थोडे थोडे का होईना भर थंडीतही पाण्यातून वर येत राहतात. म्हणून थंडीत एक तर ही बारीक काळी माशी लावतात किंवा मग भडक, हिरवी-केशरी, शेपटीवाली. भडक माशी कुठल्याच किड्यासारखी नसते. ती नुकत्याच सोडलेल्या माशासाठी असते. केंद्रात गोळी खाऊन वाढलेला मासा नव्या तळ्यात आला की पहिले काही दिवस झुंडीनं एका जागी फिरतो आणि चमकणारं काहीही तोंडात घेऊन बघतो. तळ्यात दोन-चार आठवडे मुरला की मात्र हुशार होतो, खरं खाणं शोधतो.

थंडीतली दुसरी गोष्ट म्हणजे खोली. पाण्याचा एक विचित्र गुण आहे. ते 4 अंशाला सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालं की हलकं होऊन वर येतं. म्हणून बर्फ वर धरतो आणि तळाशी 4 अंशाचं पाणी राहतं. हा गुण नसता तर थंड देशातली तळी तळापासून गोठली असती आणि मासे शिल्लक राहिले नसते. कडाक्याच्या दिवसात ट्राउट या खालच्या पाण्यात उतरतो, म्हणून बुडणारी दोरी वापरतात आणि माशी अगदी संथ ओढतात. गार मासा पळत्याच्या मागे लागत नाही. सकाळी लवकर जाण्यातही अर्थ नसतो. अकरा ते दोन ही खरी वेळ. वारा नसलेला, थोडा उबदार दिवस आला की मासा वरही येतो.

आपल्याकडे ट्राउट कुठं आहे? आहे, पण डोंगरात. काश्मिरात तो साधारण 1900 च्या सुमारास इंग्रजांच्या काळात आणला. हिमाचलच्या कुलू भागात, निलगिरीत आणि केरळच्या मुन्नारच्या उंचावरही तो आहे. गंमत अशी की हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते, कारण थंडी हाच त्याचा अंडी घालायचा हंगाम. तिथल्या नद्यांत तो स्वतः वाढतो, त्याला राखावं लागतं. इंग्लंडातल्या तळ्यात सोडलेला रेनबो तसाही वाढणार नसतो, म्हणून तिथं हिवाळ्यात त्याला बंदी नाही. तिथल्याच मूळच्या तपकिरी ट्राउटला मात्र हिवाळ्यात हात लावता येत नाही.

आपल्या तळ्याचं काय?

निफाडला पारा 5-6 अंशांवर आल्याची बातमी येते, तेव्हा तो हवेचा पारा असतो, पाण्याचा नाही. पाणी सावकाश गार होतं आणि सावकाश तापतं. तरीही डिसेंबर-जानेवारीत उत्तर महाराष्ट्रात, विदर्भात उथळ शेततळ्याचं पाणी पहाटे चांगलंच उतरतं. मासा खात नाही. आणि चूक इथं होते. शेतकरी पावसाळ्यातल्या सवयीनं सकाळी सातला पेंड-कोंडा टाकून मोकळा होतो. ते खाद्य तळाशी बसतं, कुजतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि कुजताना ते पाण्यातला प्राणवायू खातं. ढगाळ हवा आली की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. याच दिवसांत अंगावर लाल चट्टे पडण्याचा रोगही येतो. चट्टे दिसले तर वाट न पाहता एखादा मासा घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावं.

हिशोब सोपा आहे. समजा 500 मासे, प्रत्येकी 400 ग्रॅमचे. म्हणजे तळ्यात 200 किलो मासा. एरवी वजनाच्या 2 टक्के धरलं तर रोज 4 किलो खाद्य. थंडीत ते निम्म्यावर आणायचं आणि एकदाच, दुपारी बारा-एकच्या सुमारास, ऊन पडतं त्या बाजूला टाकायचं. 60 दिवसांत 120 किलो खाद्य वाचलं. आपल्या दुकानातल्या भावानं गुणून बघा. पाणी 15-16 वर गेलं तर तेवढे दिवस काहीच टाकायचं नाही. मासा उपाशी मरत नाही, त्याचा खर्चच कमी झालेला असतो. खाद्य छिद्रं पाडलेल्या गोणीत टांगलं तर दोन तासांनी किती उरलं ते डोळ्यांनी दिसतं.

गळवाल्यांनीही वेळ बदलावी. पहाटे कुडकुडत बसण्यापेक्षा दुपारी, उन्हाच्या काठाला, आमिष लहान आणि गळ थोडा खोल. मात्र प्लास्टिकच्या शेततळ्यावर एकट्यानं बसू नये. त्या कागदावर ओला पाय टिकत नाही आणि पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. काठाला पक्का बांधलेला दोर आणि हवा भरलेली जुनी ट्यूब कायम हवी.

राहिला ट्राउटच्या बियाण्याचा मोह. हैदराबादजवळ बंदिस्त टाक्यांत यंत्रानं पाणी गार ठेवून ट्राउट वाढवण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला आहे. खरं आहे ते. पण तिथं पाणी गार करणारी यंत्रं रात्रंदिवस चालतात. आपल्या शेततळ्यावर वीज कधी येते आणि कधी जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबरात कुणी बियाणं दाखवून "बघा, तुमच्या पाण्यात जगतंय" म्हटलं तर ते काही दिवस जगेलही. प्रश्न डिसेंबरचा नाही, एप्रिलचा आहे. पैसे देण्याआधी मत्स्य साहित्याच्या दुकानातून पाण्याचं साधं थर्मामीटर आणावं, दोरीला बांधून तीन फूट खाली सोडावं आणि एप्रिलमध्ये आठवडाभर सकाळी सातला आणि दुपारी तीनला आकडा वहीत लिहावा. आकडा 20 च्या वर असेल, तर ते तळं रोहू-कटलाचंच.