ट्रायटन शंख

मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील एक मोठी, मांसाहारी सागरी गोगलगाय व तिचे कवच. शास्त्रीय नाव कॅरोनिया ट्रायटॉनिस. ग्रीक पुराणकथांत समुद्रदेव पोसायडनचा पुत्र ट्रायटन हा शंख फुंकतो. त्यावरून हे नाव पडले. तांबडा समुद्र व पूर्व आफ्रिकेपासून हवाई बेटांपर्यंतच्या प्रवाळभित्तींवर ही जाती आढळते. भारतात ती अंदमान व लक्षद्वीप बेटांच्या परिसरात सापडते. पूजेतील शंख हा टर्बिनेला पायरम या वेगळ्या जातीचा असतो.

कवच निमुळते, मळसूत्री व सु. ५० सेंमी.पर्यंत लांब असून त्याच्या पिवळसर पांढऱ्या पृष्ठावर तपकिरी चंद्रकोरीसारख्या खुणा असतात. मुखाची आतील बाजू नारिंगी असते. जपानमध्ये शिखर कापून तेथे तोंडी बसवितात, तर पॅसिफिक बेटांवर बहुधा कवचाच्या बाजूस छिद्र पाडून ते फुंकतात.

ही गोगलगाय मुख्यतः रात्री वासाच्या साहाय्याने तारामीन, समुद्रकाकडी इ. भक्ष्य शोधते. पायाने भक्ष्य धरून ती रेत्रिकेने (दातेरी पट्टीने) त्याची त्वचा कापते व लाळेने त्यास बधिर करून खाते. नर व मादी भिन्न असून अंड्यांतून बाहेर पडणारे डिंभ दीर्घकाळ प्लवकांत तरंगत राहतात.

जिवंत प्रवाळ खाणाऱ्या काटेरी मुकुट तारामिनाचा ही गोगलगाय भक्षक आहे. १९६० नंतर ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर या तारामिनांची संख्या बेसुमार वाढून प्रवाळांची मोठी हानी झाली. शोभेसाठी शंख गोळा केल्याने भक्षक घटले व त्यामुळे हे घडले, असे रॉबर्ट एन्डीन यांचे मत होते. मात्र ही गोगलगाय आठवड्यास साधारणतः एखादाच असा तारामीन खाते व इतर तारामीन अधिक पसंत करते. नद्यांतून येणाऱ्या पोषक द्रव्यांमुळे तारामिनाच्या डिंभांचे अन्न वाढते, हेही एक कारण मानले जाते. तथापि गोगलगायीच्या नुसत्या वासाने हे तारामीन दूर पळतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. प्रजननासाठी जमलेले तारामीन असे पांगले, तर अंड्यांचे निषेचन घटू शकते. म्हणजे तिचे महत्त्व केवळ खाल्लेल्या भक्ष्याच्या संख्येवरून ठरविता येत नाही.

शोभेच्या वस्तू म्हणून असलेली मागणी हाच या जातीस मोठा धोका आहे. भारतात २००१ मध्ये वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश करून तिला संरक्षण देण्यात आले.