वेग बरोबर, मग चित्र का थिजते?

अँटेनाचे दिवस आठवतात? एक जण माळवदावर चढून अँटेना फिरवायचा आणि घरातून दुसरा ओरडायचा, ‘आलं, आलं... गेलं!’ चित्र कसे आहे, याचा निकाल पडद्यासमोर बसलेलाच द्यायचा.

आता चित्र इंटरनेटवरून येते. एमटीएनएलने 2006 साली मुंबईत अशी सेवा सुरू केली; बीएसएनएलने 2024 साली फायबरवरून टीव्ही द्यायला सुरुवात केली. पडद्यावरच्या मुंग्या गेल्या, पण ऐन शेवटच्या षटकात चित्र थिजते, नाहीतर चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात. मी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, ‘तुमचा वेग तर बरोबर आहे.’ वेग बरोबर होता, चित्र नव्हते. असे का व्हावे?

चित्र लहान लहान पाकिटांत बांधून पाठवतात. एका सेकंदात किती माल आला, हे वेग सांगतो. पाकिटे वेळेवर आली का, किती हरवली, हे सांगत नाही. आमच्या चुडाव्याच्या स्टेशनवर गाडी रोज दहा मिनिटे उशिरा आली, तर आपण घरून उशिरा निघतो. पण आज पाच, उद्या चाळीस असे झाले की पंचाईत. म्हणून टीव्हीला जोडलेला संच थोडी पाकिटे आधीच साठवून ठेवतो. उशीर त्या साठ्यापेक्षा वाढला की चित्र थांबते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘मीडिया डिलिव्हरी इंडेक्स’ हे माप दोनच गोष्टी सांगते : असा चढउतार किती आहे आणि दर सेकंदाला किती पाकिटे हरवली.

पण कोणते पाकीट हरवले, यालाही महत्त्व आहे. अधूनमधून एक संपूर्ण चित्र पाठवतात, मधल्या काळात फक्त त्यात झालेले बदल. बदलाचे पाकीट गेले तर कदाचित कळणारही नाही. संपूर्ण चित्रातले गेले, तर पुढचे संपूर्ण चित्र येईपर्यंत डाग राहतो. गझलेत एखादे ‘तर’ गळले तर निभावते. काफियाच गळला, तर शेर कोसळतो.

म्हणून अखेर माणसालाच विचारतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पद्धतीत प्रेक्षक 1 ते 5 गुण देतात. 5 म्हणजे उत्कृष्ट, 1 म्हणजे वाईट. त्यांची सरासरी ही चित्राची प्रत. दरवेळी माणसे बसवणे शक्य नसते, म्हणून मूळ चित्राशी पडताळून हे गुण अंदाजणारी गणितेही निघाली. नेटफ्लिक्सने 2016 साली खुले केलेले ‘व्हीमॅफ’ त्यातलेच.

तेव्हा तक्रार करताना नुसता वेग सांगू नका. चित्र किती वाजता बिघडले, किती सेकंद, थांबले की तुकडे झाले, हे लिहून ठेवा. एकदा वायफाय सोडून संच तारेने जोडून पाहा. दोष घरातला की बाहेरचा, याचा अंदाज येईल. कंपनी तिच्या टोकाला मोजते, चित्र आपल्या टोकाला दिसते. माळवदावरच्या माणसाला घरातून हाक देणारा आजही लागतोच.