प्रार्थनेतील ‘आम्ही’ कोण?

अमेरिकेतील सरकारी शाळांत विद्यार्थ्यांना प्रार्थना करण्यास मनाई आहे, असा समज पुष्कळदा आढळतो. तो यथार्थ नाही. तेथील न्यायालयांपुढील मुख्य प्रश्न प्रार्थनेचा वक्ता कोण, शासन की विद्यार्थी, हा होता. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणमंडळाने १९५१ साली शाळांसाठी एक प्रार्थना रचली. मूळ इंग्रजीत ती अवघी २२ शब्दांची होती व तीत कोणत्याही पंथाचा उल्लेख नव्हता. ज्याला ती नको असेल त्याने गप्प राहावे अथवा वर्गाबाहेर जावे, अशी मुभाही होती. तरीही २५ जून १९६२ रोजी ‘एंगेल विरुद्ध व्हिटाले’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध १ मतांनी ती प्रथा घटनाबाह्य ठरविली. प्रार्थना रचणे हे शासनाचे काम नव्हे, असे न्या. ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालपत्राचे सार आहे.

शब्द इतके निरुपद्रवी असता आक्षेप कशाला? योगायोगाने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जे. एल. ऑस्टिन यांच्या ग्रंथातील विवेचन येथे उपयोगी पडते. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत; त्यांचा उच्चार हीच कृती असते. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजे वचन देणे. प्रार्थनाही याच जातीची होय. मराठीत श्रोत्याला धरून ‘आपण’ व वगळून ‘आम्ही’ असा भेद आहे. इंग्रजीत तो नाही. उपरोक्त प्रार्थनेतील सर्वनाम मराठीत ‘आम्ही’ असेच होईल, कारण श्रोता परमेश्वर आहे. पण या ‘आम्ही’त वर्गातील कोण मोडतात? उच्चार करणारे तेवढेच. गप्प राहिलेले मूल सर्वांदेखत त्यातून गळते. मुभेने उघड सक्ती टळते, परंतु वेगळेपण जाहीर होते. आणि ती रेघ शासनाने आखलेली असते.

पुढील निकाल या दृष्टीने वाचता येतात. १९६३ साली शाळेने योजिलेले बायबलचे नित्यवाचन अमान्य झाले. वाङ्मय वा इतिहास म्हणून त्याचा अभ्यास मात्र मान्य राहिला. २००० साली फुटबॉल सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून म्हणावयाची प्रार्थना नाकारली गेली, कारण मुख विद्यार्थ्याचे असले तरी व्यासपीठ शाळेचे होते. उलट १९९० साली, इतर विद्यार्थी-मंडळांना जागा देणाऱ्या शाळेने विद्यार्थ्यांच्या धार्मिक मंडळालाही ती द्यावी, असे ठरले. २०२२ साली एका प्रशिक्षकाने सामन्यानंतर मैदानावर केलेली प्रार्थना बहुमताने खासगी मानली. अल्पमतातील न्यायाधीशांना तीत शाळेचा अधिकार व विद्यार्थ्यांवरील दडपण दिसले. वक्ता कोण हे ठरविणे किती कठीण, याचे हे द्योतक होय.

परीक्षेपूर्वी मनाशी देवाचे नाव घेणाऱ्या मुलाला यांपैकी कोणत्याही निकालाने अडविलेले नाही. त्याचे शब्द त्याचेच आहेत. निकालांनी राखले ते हेच.